गल्लीतली घरसभा कशी भरवावी

घरसभा, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची एकेका घरी भरणारी प्रार्थनासभा, सुरू करायचं मनात असेल, तर आधी गल्लीतल्या सगळ्यात लहान घरात जा. खोली दहा बाय दहाची असेल, वर पत्रा तापत असेल, तरी तिथेच विचारा, “पहिली सभा तुमच्याकडे घेऊ का?” पहिली सभा फरशीच्या, पंख्याच्या, सोफ्याच्या घरात झाली की लहान घरातली माणसं नंतर आपलं घर द्यायला संकोचतात. “आमच्याकडे जागा नाही हो” असं म्हणतात आणि हळूहळू यायचीच बंद होतात. लहान घरापासून सुरुवात झाली, तर मोठ्या घराला वाकून आत यावं लागतं. ते त्याच्याही भल्याचंच आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावात राहते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, बुधवारची घरसभा पाहते. कुणी नव्याने सभा सुरू करायची म्हटलं की मला विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आधी सांगा. परवानगीपुरतं नव्हे, तर सभा मंडळीपासून तुटू नये म्हणून. रविवारची उपासना सोडून घरसभेलाच मंडळी मानणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातून फूट पडलेलीही पाहिली आहे. वार आठवड्याच्या मधला धरा. वेळ स्वयंपाक उरकल्यानंतरची, साडेसात-आठची. तास झाला की सभा संपवायचीच. पहाटे पाण्याचा टँकर येणार असतो, कुणाला पहिल्या पाळीला जायचं असतं. लांबलेली प्रार्थना देवाला चालत असेल, पण दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईची पाठ तोवर भरून येते.

बसायला सतरंजी, सगळ्यांना एकच. खुर्ची फक्त ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना, मग ते कुणीही असोत. पाळकसाहेब आले तरी सतरंजीवरच बसतील. चांगला पाळक त्याचा मान राखतो. चहा सगळ्यांना सारख्याच कपात द्यायचा, आणि चहाशिवाय काही नाही, बिस्कीटसुद्धा नाही. हा नियम मी फार कडकपणे पाळायला लावते. एका घरी पोहे झाले की पुढच्या घराला भजी करावी लागतात, त्याच्या पुढच्याला उसनवारी. तिथे सभा संपलीच म्हणायची.

आमच्या भागात या कपाची गोष्ट साधी नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आसपासच्या खेड्यांत ख्रिस्ती कुटुंबं वाढत गेली. त्यात महार, मांग घरं पुष्कळ, थोडी इतर. बाप्तिस्मा झाला तरी जात अंगणात उभीच राहिली. लग्न जमवताना अजून “मूळचे कोण?” असं हळूच विचारलं जातं. घरसभेत हा प्रश्न कुणी विचारू नये. विचारला तर म्होरक्याने तिथल्या तिथे, न चिडता, विषय थांबवावा. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मी नेहमी देते. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा त्या मोडून पडल्या होत्या, सोवळं सांभाळून वेगळ्या राहत होत्या. पुढे नवऱ्याबरोबर राहायला आल्या तेव्हाही चूल आणि पाणी वेगळंच. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःलाच पटलं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी घेतलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी पाणी, मग बाप्तिस्मा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट याच पोटातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. त्यामुळे काही घरांच्या कागदावर एक असतं आणि मनात दुसरं. पोराच्या शिक्षणासाठी बापाने काय लिहिलं असेल, हे सभेने विचारायचं कारण नाही. आला, बसला, गायला, आपला झाला.

सभेचा क्रम सोपा ठेवा. दोन गाणी, छोटी प्रार्थना, वाचन, त्यावर बोलणं, विनंत्या, शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. पेटी नसली तरी अडत नाही, पण टाळ आणि ढोलकी असू द्या. रेव्हरंड टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन ही आपली वाट ख्रिस्ती भक्तीसाठी मोकळी करून दिली, आणि त्यांची पदं म्हणताना म्हातारी माणसं पुस्तक न उघडता गातात. तरुणांना गिटारवरची नवी गाणी हवी असतात. एक त्यांचं घ्या, एक म्हाताऱ्यांचं. यावरून भांडण होऊ देऊ नका.

वाचनासाठी बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान सगळ्यात बरं. सोळाच अध्याय, गोष्टी भराभर पुढे जातात. एका वेळी अर्धा अध्याय पुरे. मधे कधीतरी रूथ घ्या, चारच अध्यायांचं पुस्तक. आमच्याकडे रूथवर बायका जितकं बोलतात तितकं कशावरच बोलत नाहीत. दुष्काळात गाव सोडलेलं कुटुंब, परक्या गावात विधवा झालेली सून, सासूला सोडून न जाणारी, दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचून पोट भरणारी. यातलं काहीही त्यांना समजावून सांगावं लागत नाही. उलट एकदा एका आजीनेच आम्हाला सांगितलं, की सरवा वेचणाऱ्या बाईला मालकाने मुद्दाम पेंढीतली कणसं टाकून ठेवली, म्हणजे तिला मागावं लागलं नाही. ती आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. वचनावर इतकं नेमकं बोलणं मी क्वचितच ऐकलंय.

म्हणून हा नियम: वाचता येणाऱ्याने वाचावं, आणि वाचता न येणाऱ्याला पहिल्यांदा बोलू द्यावं. “तुम्ही काय ऐकलं?” एवढंच विचारा आणि थांबा. शांतता लांबली तर लांबू द्या. शिकलेल्या माणसाला गप्प बसवणं फार अवघड, मी मास्तरीण असल्यामुळे हे जाणते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या बायकांना, ज्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, आरोग्याचं काम शिकवलं. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं त्याच बायका बाळंतपणं, जंत, जखमा, ताप सांभाळू लागल्या, आणि गाव त्यांचं ऐकू लागलं. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नम्रता म्हटलं की मला मान खाली घालून बसलेला माणूस आठवत नाही. शिकलेल्या माणसाने जागा सोडली आणि दुसरं कुणीतरी त्या जागी उभं राहिलं, हे आठवतं.

आता विनंत्यांची वही. घरसभेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, असं मी म्हणेन. दोनशे पानी साधी वही घ्या, पानावर उभी रेघ मारा. डावीकडे विनंती लिहा, उजवीकडे काम. “अमक्या ताईच्या नवऱ्याला टीबी निघाला” हे डावीकडे. उजवीकडे: सरकारी दवाखान्यात नाव लागलंय का, गोळ्या कोण आणून देणार, घरात लहान मूल आहे त्याची तपासणी झाली का. एखादी विधवा निराधार योजनेसाठी प्रार्थना मागते तेव्हा उजवीकडे लिहायचं: मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, आणि तहसीलला तिच्याबरोबर कोण जाणार. पासष्टच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजना, पासष्टच्या पुढे श्रावणबाळ. तिथल्या खिडकीसमोर एकट्या बाईला जे ऐकून घ्यावं लागतं, ते बरोबर दुसरं कुणी असलं की निम्म्याने कमी होतं. पुढच्या बुधवारी विनंत्यांची सुरुवात उजव्या बाजूपासून करा. काम झालं असेल तर उपकारस्तुती, नसेल तर कुणी करायचं ते ठरवा. उजवी बाजू महिनोन्महिने कोरी राहिली, तर ती सभा फक्त बोलते आहे असं समजा.

वहीत लिहू नये असंही काही असतं. नवऱ्याची दारू, सुनेला होणारा त्रास, कुणाचं कर्ज. बाई हे सभेत सांगत नाही, चपला घालताना सांगते. ते दोन माणसांतच ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर प्रार्थनेच्या निमित्ताने आजाराचं नाव, माणसाचं नाव, हॉस्पिटलचा फोटो टाकायची फार वाईट सवय लागली आहे. आमच्या ग्रुपवर फक्त सभेची जागा आणि वेळ जाते.

आजारपणात आशा कशी धरावी, याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे माणसं मरतात. प्रार्थना झाली, आता गोळ्यांची गरज नाही, असं सांगणारे उपदेशक फिरत असतात. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या त्यांच्या शब्दाखातर बंद केल्या जातात. टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला की माणसाला वाटतं बरे झालो. मधेच सोडल्या तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. घरसभेत स्पष्ट सांगा: प्रार्थना करू, आणि गोळीही घेऊ. नगरमध्ये मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचं, बूथ हॉस्पिटल आहे. कोरोनाच्या २०२० सालात तिथे रात्रंदिवस रुग्ण सांभाळले गेले. ती माणसं प्रार्थना करणारीच होती, आणि ऑक्सिजन लावणारीही.

आजार हा पापाचा दंड, असंही कुणाला म्हणू देऊ नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी नेमकं हेच विचारलं, आणि येशूने सांगितलं, याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे, काढून वाचून दाखवा. आणि ज्या घरात दुःख ताजं आहे तिथे आनंदाची गाणी लादू नका. स्तोत्रसंहितेत रडण्याचीही स्तोत्रं आहेत. तेरावं स्तोत्र “किती वेळ” असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. ही स्तोत्रं पवित्र शास्त्रात कुणी उगाच ठेवलेली नाहीत. ती मोठ्याने वाचली की घरातली बाई पहिल्यांदा मोकळी रडते.

मयताच्या घरी सभेची खरी परीक्षा होते. पहिल्या दिवशी प्रवचन नको, माणसं हवीत. शवपेटी कोण आणतो, कबरस्तानात खड्डा कोण पाहतो, पाहुण्यांना भाकरी-पिठलं कुठल्या घरून येणार, हे वही सांभाळणाऱ्या दोघा म्होरक्यांनी वाटून घ्यावं. “देवाची इच्छा होती” हे वाक्य तोंडातच ठेवा. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेजवळ रडला. आपण त्याच्यापेक्षा शहाणे होऊ नये. नंतर, महिन्या-दोन महिन्यांनी, पाहुणे पांगल्यावर, सभा त्या घरी न्या. ईस्टरला पहाटे कबरस्तानात जाताना त्या घरच्यांना बोलावून बरोबर घ्या.

आणि विधवेचं. आमच्यातही बांगड्या फोडायला पुढे होणारे हात आहेत, हळदीच्या वेळी तिला मागे बसवणारे आहेत. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या घरात हे कसं चालतं, मला कळत नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका ग्रामसभेला जे सुचलं ते मंडळीला आधी सुचायला हवं होतं. मयताच्या वेळी सभेतल्या दोन थोराड बायकांनी तिच्या दोन्ही बाजूंना बसावं आणि तिचे हात धरून ठेवावेत. आमच्याकडे ही जबाबदारी आधीच ठरलेली असते, ऐनवेळी ठरवता येत नाही. गल्लीत पुढचं लग्न निघालं की पहिली हळद तिच्या हाताने लावायची, हेही तेव्हाच लग्नघराशी बोलून घ्यायचं.

धान्याची मूठ ही जुनी रीत, ती चालू करा. रोज भाकरी थापायला बसताना पिठाआधी मूठभर ज्वारी किंवा तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे. महिन्याच्या शेवटच्या सभेला डबा आणायचा, सगळं एका गोणीत ओतायचं. कुणी किती आणलं ते मोजायचं नाही. पैसे मात्र मोजायचे, दोघांनी, सगळ्यांसमोर, आणि वहीत सही. धान्य ज्या घरी द्यायचं तिथे दिवसाउजेडी मिरवत जाऊ नका, पोत्याबरोबर फोटो तर कधीच काढू नका. दोघींनी जावं, टेकावं, ते जे देतील ते खावं. कोरा चहा असला तरी “नको, आत्ताच घेतला” म्हणू नये. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही त्याला आपण रोज खाली ढकलत असतो. ज्या घराला मूठ जाते त्या घराचा डबाही महिन्याच्या शेवटी येऊ द्या, त्यात अर्धी वाटी असली तरी.

दिवाळी झाली की आमच्या सभेतली बरीच घरं बंद होतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, आणि साखर कारखाना बंद होईपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, बिऱ्हाड उसाच्या फडावर. मागे म्हातारी आणि शाळकरी पोरं. या काळात सभा म्हाताऱ्यांच्या घरी घ्या. शाळेत पोरगं येतंय का, हे कुणी एकाने बघावं. बुधवारी सभा संपायच्या आधी फडावर फोन लावून स्पीकरवर ठेवा. तिथे पाचटाच्या खोपीत बसलेली माणसं आपली गाणी ऐकतात, आईला पोराचा आवाज ऐकू येतो. नाताळला जमलं तर दोघा-तिघांनी फडावर जाऊन यावं, करंज्या घेऊन. नाताळाची गाणी चर्चमध्ये होतातच. फडावर ती कुणी गेलं तरच होतात.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाय धुण्याची सभा घ्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा तेरावा अध्याय वाचा, मग घंगाळात कोमट पाणी, एक स्वच्छ टॉवेल. आपल्याकडे पाय धुणं परकं नाही, पण कुणी कुणाचे धुवायचे हे ठरलेलं आहे: सुनेने सासूचे, लहानाने मोठ्याचे, गरिबाने साहेबाचे. या सभेत ते उलटं करा. सासूने सुनेचे धुवावेत. पंचाने नगरपालिकेच्या सफाईवाल्याचे धुवावेत. मालकिणीने घरकामाला येणाऱ्या बाईचे. नुसतं बोट बुडवून टिपायचं नाही, टाच घासून, भेगांतली माती काढून धुवायचे. पुष्कळांना पाय पुढे करणं जास्त जड जातं. येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही गेलंच होतं. त्यांना वेळ द्या, ओढाताण करू नका.

दार उघडं ठेवा. शेजारी हिंदू, मुसलमान, बौद्ध घरं असतात. त्यांना कळू द्या आत काय चाललंय. लाउडस्पीकर लावू नका, कुणाच्या देवाबद्दल वाईट शब्द काढू नका. शेजारची काकू दारात उभी राहून अभंग ऐकत असेल तर “या, बसा” म्हणा, आणि तेवढंच. टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांनाही असंच. आमच्या गल्लीत कॅथलिक आहेत, मुक्तिफौजेचे आहेत, पेंटेकॉस्टल आहेत. एकमेकांची माणसं ओढायची नाहीत, एवढा शब्द म्होरक्यांनी आपसांत देऊन ठेवावा.

वर्षातून एकदा म्होरकेपण बदला. आमच्याकडे हंगामाच्या सणानंतर, म्हणजे पिकाची उपकारस्तुती झाल्यावर, बदलतं. वही दोन नव्या माणसांच्या हातात द्यायची, त्यातलं एक पंचविशीच्या आतलं असावं, आणि एक बाई असावीच. जुन्या म्होरक्याने पहिले तीन महिने विचारल्याशिवाय सूचना करू नये. सभेला मात्र चुकू नये, आणि चहाचे कप विसळायचं काम त्याच्याकडे द्यावं. नवी माणसं क्रम बदलतील, गाणी बदलतील, कदाचित वारही बदलतील. बदलू द्या. उजव्या बाजूची कामं होतात की नाही, एवढंच अधूनमधून वही उघडून बघा.